गाडी मान हलवते

१४ नोव्हेंबर
मोटरसायकलचा पुढचा चिमटा उतरवला. पुढचं चाक, मडगार्ड, दोन्ही शॉकअप, सगळं अंगणात पोत्यावर मांडलं. हँडलच्या गळ्यातले छर्रे चहाच्या गाळणीत धुतले. गाळणी जुनीच होती, पण कमलच्या लेखी नव्हती.
"आता चहा कायनं गाळू? तुमच्या धोतरानं?"
मी जन्मात धोतर नेसलो नाही, तिला माहीत आहे. पण बऱ्याच दिवसांनी टोमणा मारला. एका गाळणीत बायकोचा टोमणा परत मिळत असेल तर सौदा वाईट नाही.
छर्‍यांच्या वाट्यांना खड्डे पडलेत. बदलाव्या लागतील. खरं काम त्याच्या पुढचं आहे. हात तेलकट, उद्या लिहितो.

१५ नोव्हेंबर
हे सगळं कशासाठी चाललंय ते नीट लिहून ठेवतो. पुढंमागं प्रज्ञाला वाटायला नको की बापाचं डोकं फिरलं होतं. (पोरगी. अमरावतीला असते.)
कमल पडली, गुडघ्यावरचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, गुडघा काही वाकत नाही. पाय समोर लांब करूनच बसावं लागतं. म्हणजे गाडीवर मागं बसणं संपलं. ऑटोत पाय मावत नाही. कारमध्ये पाय मावतो, पण जीव मावत नाही. दार लागलं की तिला अॅम्ब्युलन्स आठवते, घाम फुटतो, "उतरवा मले" म्हणते. प्रज्ञानं कार आणून पाहिली. कमल आमच्या आर्णीच्या बाहेरही गेली नाही.
म्हणून साइडकार. भंगारातली आणली, पत्रा ठोकून सरळ केला, खाली गादी शिवून घातली. कमल तिला होडी म्हणते. उभी असताना बसवून पाहिलं. पाय लांब, वर मोकळं आभाळ. म्हणाली, "हे बरं हाय."
जायचं कुठं, तर अक्काकडे. अक्का तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, अक्कानंच हिला न्हाऊमाखू घातलं. दिग्रसच्या पलीकडे माहेरच्या गावी आता अंथरुणावर आहे. फोन कानाशी धरला तरी ऐकू जात नाही. भाचा मनोहर सांगतो, रोज विचारते, कमल आली का.
कमल मला काही म्हणत नाही. ओट्यावर बसते, रस्त्याकडे पाहते. बस.

१७ नोव्हेंबर
होडी जोडल्यापासून हँडल इतकं जड झालंय की चौकातून वळलो तरी खांदे भरून येतात. दिग्रसचा रस्ता, पुढचा उतार, ही वळणं घेऊन मी पोचणार नाही. सत्तरी उलटलेल्या माणसानं आपल्या खांद्यांना खोटं बोलू नये.
जड का होतं, ते मला दवाखान्यात कळलं होतं. कमलला ट्रॉलीवरून नेत होते, मी बाजूनं चालत होतो आणि नजर ट्रॉलीच्या चाकावर. भीती वाटली की मी कशाच्या तरी चाकाकडे पाहतो, सवयच आहे. ते लहान चाक आपल्या खुंटीच्या मागं फरफटत येतं, म्हणून सरळ चालतं. मोटरसायकलचंही तेच. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला जिथं लागेल, त्याच्या थोडं मागं चाक टेकतं. जितकं मागं, तितकी गाडी सरळ आणि वळवायला जड. दोन चाकांची गाडी कलून वळते म्हणून ते जाणवत नाही. तिसरं चाक लागलं की कलणं संपलं, सगळं दंडानं ओढायचं.
उपाय एकच, चाक थोडं पुढं काढायचं.
पण फार पुढं काढलं तर? वॉर्डबॉयनं घाई केली तसं ते चाक फडफडायला लागलं होतं. कमलची सगळी खाट थरथरत होती.
हे विसरायचं नाही.

२० नोव्हेंबर
पट्टीचा नमुना पुठ्ठ्यातून कापला. (शेजारच्या राठोडच्या घरच्या लग्नपत्रिकांचा खोका कामी आला.) पुठ्ठा पिशवीत, चिमटा चादरीत गुंडाळून यस्टीनं लोहाऱ्याला. कंडक्टर म्हणे, "बाबाजी, हे काय, बंदूक?" म्हटलं, बायकोचा पाय आहे. त्याला काय वाटलं कोण जाणे, तिकिटापलीकडे काही बोलला नाही.
एमआयडीसीत सलीमभाईचं खरादीचं, म्हणजे लेथचं, दुकान. मी मोटर वाइंडिंग करायचो तेव्हापासूनची ओळख. पुठ्ठा हातात फिरवून पाहिला.
"काकाजी, हे डिझाइन कुठून आणलं?"
"दवाखान्यातून."
"मजाक नका करू."
समजावलं. चिमट्याच्या खालच्या टोकाला दोन्हीकडून जाड पट्ट्या, मागच्या बाजूला बिजागरीसारख्या हलत्या, पुढच्या टोकाला चाक. पट्टीला तीन भोकं, मागचं, मधलं, पुढचं. चाकाचा आस ज्या भोकात घालीन तेवढं चाक पुढं. शॉकअप पट्टीवर उभे.
सलीमभाईनं पुठ्ठ्याच्या तिन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "बना दूंगा. पण एक शर्त. काकूले बसवायच्या आधी तिच्या वजनाचं काही तरी घालून फिरवा. पंधरा दिवस फिरवा. लोखंडाला इन्सान पहचानने में टाइम लागते."

२६ नोव्हेंबर
चिमटा आला. वेल्डिंग सुरेख, मुंगी चालल्यासारखी. जोडला. हँडलच्या डोक्यावरची जुनी फिरकी (ती आवळली की हँडल घट्ट होतं) साफ करून बसवली. आस पुढच्या भोकात.
राठोडच्या ओसरीवरून सोयाबीनचा कट्टा, भरलेलं पोतं, आणून होडीत ठेवला. राठोड यस्टीचा रिटायर ड्रायव्हर, वाकडं बोलल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. कमलनं कट्ट्याकडे पाहिलं.
"माह्या जागी हा?"
"वजनाले बरोबर हाय."
"बोलत नाही म्हणून आवडत असन तुमाले."

२७ नोव्हेंबर
कट्टा घेऊन महागाव रस्त्यानं बरंच दूर गेलो. हँडल लोण्यासारखं. एका बोटानं वळते म्हटलं तरी चालेल. हळू, जोरात, खड्ड्यात, डांबर सोडून मातीत. काही नाही, शांत.
घरी येऊन वेल्डिंगवर डिझेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू फासला. आत तडा असला तर खडूवर ओली रेघ उमटते. उमटली नाही.
मनोहरचा फोन. अक्का बरी आहे म्हणतो. 'बरी' म्हणायच्या आधी जरा थांबला.

२ डिसेंबर
कट्टा रोज फिरतो. बाजारात लोक विचारतात, कुठं नेता? म्हणतो, हवापालट.

५ डिसेंबर
सलीमभाईनं सांगितलेले दिवस पूर्ण झाले नाहीत, पण मनोहर काल फोनवर पुन्हा थांबला. म्हणून आज कमलला बसवलं.
गल्लीतून निघालो, ठीक. मोठ्या रस्त्याला लागलो, ठीक. कमल इकडेतिकडे पाहत होती. कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या, तिनं हात केला. मला इतकं बरं वाटलं. जरा वेग धरला, पुलाजवळ आलो आणि हँडल हाताबाहेर. डावी-उजवी, डावी-उजवी. नंदीबैल मान हलवतो तशी गाडी मान हलवायला लागली. मूठ सुटू दिली नाही. रेस सोडली, हळू झालो, थांबलं.
कमल ओरडली नाही. घरी उतरताना म्हणाली, "असं होते का तुमच्या कट्ट्यासंगं?"
म्हटलं, नाही.
खरं तेच सांगितलं. सांगायला नको होतं का?

६ डिसेंबर
हवा पाहिली. चाकाचे आरे ठोकून ऐकले, एकही ढिला नाही. छर्‍यांचा नट आणखी आवळला. बिजागरीचे बुश काढून पाहिले, नवेच आहेत.
कट्टा घेऊन पुलावरून गेलो. शांत.
कमलला घेऊन पुलावरून गेलो. मान हलवली.

८ डिसेंबर
साइडकारचं चाक दोरी लावून पुन्हा सरळ केलं. शॉकअपची स्प्रिंग घट्ट केली. कट्टा, शांत. कमल, तेच. आज जास्त झालं, समोरून ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं हॉर्न धरूनच ठेवला.
रस्त्याच्या कडेला थांबलो. तळहात पँटला पुसले. कमलनं पाहिलं.
"नवरोजी, राहू द्या न. अक्काले फोटो पाठवून देऊ."
अक्काला दिसत कुठं. आणि नवरोजी म्हणते तेव्हा तिला रडू आलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलंय.
राठोड संध्याकाळी येऊन बसला. "भाऊ, सोपं हाय. कट्ट्याले बायको करून घ्या, वहिनीले ओसरीवर ठेवा." कमल हसली. मी नाही.

९ डिसेंबर
दिवसभर गाडीसमोर बसून. वजन तेच, रस्ता तोच, भोक तेच. कट्ट्यात आणि माणसात फरक काय? माणूस हलतो. पण कमल हलत नाही, खिळल्यासारखी बसते.
प्रज्ञाचा फोन. "बाबा, तुमची हौस आईच्या जिवावर नको." हौस म्हणाली. साइडकारची नोंद गाडीच्या कागदावर आहे, एवढं सांगितलं. तिनं ते विचारलंच नव्हतं.

१० डिसेंबर
सापडलं.
राठोडला म्हटलं, स्कुटी काढ, माझ्या मागं मागं ये आणि पुढच्या चाकावर नजर ठेव. कमल होडीत. पुलाजवळ गाडीनं मान हलवली, मी हळू केली, घरी आलो. कमल आत गेल्यावर राठोड गाडीला टेकून उभा राहिला. एरवी बोलल्याशिवाय राहत नाही, आज बिडी पेटवून घेतली आधी.
"भाऊ, गाडीत काही नाही."
"मंग?"
"वहिनी तुमची बाही धरते."
"कोणती बाही?"
"डावी. कोपरापाशी. पूल आला का धरते. खड्डा आला का ओढते. तिले मालूमही नसन."
आणि मला कसं कळलं नाही? कारण ते कधी वेगळं वाटलंच नाही. लग्न झालं तेव्हा तिच्या सासऱ्यासमोर, गावासमोर नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नव्हती. ती मागं आडवी बसायची आणि माझ्या डाव्या बाहीची चिमूट धरायची. पुढं सासरे गेले, गाव बदललं, कोणी बघणारं राहिलं नाही, तरी चिमूट तीच. माझे सगळे शर्ट डाव्या बाजूनं आधी विरतात. मागून धरायची तेव्हा कापड ओढलं जायचं, एवढंच. आता ती बाजूला आणि खाली बसते, हाताला लागतं ते कोपर. कोपर ओढलं की हँडल ओढलं. आणि मी चाक पुढं काढून हँडल इतकं हलकं करून ठेवलंय की चिमूटभर ओढ पुरते.
म्हशीचं दुखणं आणि पखालीला इंजेक्शन. इतके दिवस छर्रे आवळत बसलो.
राठोड म्हणे, "सांगा न तिले, धरू नको म्हना."
म्हटलं, तू काही बोलू नको.

११ डिसेंबर
होडीत समोर एक दांडा बसवला. तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, हाताला रुतू नये. म्हटलं, टेका द्यायला केलाय.
"छान हाय," म्हणाली. दांडा धरून बसली. पुलापर्यंत धरला. पुलावर दांडा सोडला, बाही.
मग माझ्या कमरेला दुपट्टा बांधला, त्याचं टोक तिच्या हाती दिलं. म्हटलं, धर, मला ऊब राहते. तिनं दुपट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुलावर पुन्हा बाही.
भ्यालेल्या माणसाचा हात काय धरायचं ते विचारून जात नाही.

१२ डिसेंबर
राठोड बोललाच. त्याचं म्हणणं, तोंडून निसटलं. कमल कट्टा परत न्यायला सांगत होती, हा म्हणाला, "वहिनी, कट्टा बाही धरत नाही एवढाच त्याचा गुण."
तिनं विचारलं, कोणती बाही. मग त्यानं सगळं सांगितलं.
मी बाजारातून आलो तर ती ओट्यावर. काठी मांडीवर.
"माह्या हातानं झालं असतं सगळं. ट्रक आला तई."
"झालं नाही न."
"तुमाले मालूम होतं?"
"परवापासून."
"मले काहून नाही सांगतलं?"
मी पिशवीतली भाजी काढायला लागलो. सांगितलं असतं तर तिनं धरलं नसतं. तेच तर नको होतं मला.
"मी नाही येत," म्हणाली. "अक्काले सांगून द्या, माहा पाय दुखून राह्यला."
भाजी केली, वाढली. वरण अळणी होतं. तसंच जेवलो.

१३ डिसेंबर
मनोहरचा फोन. अक्कानं जेवण सोडलंय. चमच्यानं पेज घेते, कधी तीही नाही. डॉक्टर म्हणाले घरीच राहू द्या. मनोहर म्हणाला, "मावशीले जमत असन तर पहा काकाजी. जोर नाही करत."
कमलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. निवडलेले पुन्हा निवडले.

१४ डिसेंबर
रागाच्या भरात सुचलं. राग कोणाचा, माझाच. मी इतके दिवस कमलचा हात गाडीला सोसवत नाही म्हणतोय. मग गाडी बदलायची की हात? नाचता येईना अंगण वाकडं.
आस मधल्या भोकात घातला. चाक थोडं मागं गेलं, हँडल जड झालं, पण सुरुवातीइतकं नाही. डोक्यावरची फिरकी आवळली. आता हे पाहायचं कसं? कट्टा तर बाही ओढत नाही.
राठोडला म्हटलं, बस होडीत.
"मी?"
"तुझ्याच तोंडानं घाण केली. बस."
बसला. म्हटलं, पूल आला की माझी बाही ओढायची. चांगली ओढायची. आज बाजाराचा दिवस. अख्ख्या आर्णीनं पाहिलं, दोन बुढे, एक गाडीवर, एक होडीत पाय लांब करून, गाडीवाल्याच्या बाहीला लोंबकळलेला. भाजीवाली म्हणे, "राठोडभाऊ, वहिनीनं घरातून काहाडलं का?" राठोड तोऱ्यात म्हणाला, "सरकारी काम हाय."
पुलावर ओढली. खरंच ओढली, शिवण उसवली. गाडीनं मान हलवली. एक, दोन, आणि आपोआप थांबली. पुन्हा केलं. पुन्हा थांबली. वेग कमी ठेवला तर सुरूच होत नाही. मोठा वेग मात्र करायचा नाही.
मागच्या भोकातही घालून पाहिलं. अजिबात हलत नाही, पण पहिल्याच वळणात माझं कोपर बोलायला लागलं.
मधलं भोक. मधलंच. उजवा खांदा दुखतोय, तेल लावलंय. हे कमलला सांगायचं नाही. पण तेलाचा वास लपत नाही.

१५ डिसेंबर
सकाळी कमलजवळ बसलो. म्हटलं, गाडी आता बाही सोसते. राठोडला विचार.
"राठोडचं ऐकू? तुमचा खांदा?"
"थांबत थांबत जाऊ."
"उतारावर?"
"उतारावर हळू."
बुद्धवंदनेची वेळ झाली, तिनं मेणबत्ती लावली, वंदना म्हणून झाली, तरी तिथंच बसून राहिली. मग उठली, काठी टेकत कपाटापाशी गेली. माझा हाफ बाहीचा निळा शर्ट काढला आणि खाटेवर ठेवला.
"हा घालान तर येतो. नाही तर नाही."
डिसेंबरची सकाळ, थंडीनं बोटं वळतात. म्हटलं, घालतो.
प्रज्ञाला फोन केला. वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "आईला फोन द्या." दोघी काय बोलल्या माहीत नाही. कमल एवढंच म्हणत होती, "हो. हो. नाही धरत. हो."
वेल्डिंगला डिझेल, खडू. रेघ नाही. सगळे नट. पाण्याची बाटली, पाने, दोर, तिची गोळी. डिकीत आणखी एक वस्तू ठेवली, ती इथं लिहीत नाही.

१६ डिसेंबर
दिग्रस मागं टाकलं. निंबाखाली थांबलोय, टपरीवरून चहा घेतला. हे बाकड्यावर बसून लिहितो. खांद्याला थोडी विश्रांती हवी, तेवढंच निमित्त.
इथवर गाडीनं एकदाही मान हलवली नाही. कारण कमलनं काही धरलंच नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली आहे, आर्णीपासून. पूल आले, खड्डे आले, एक बैलगाडी आडवी आली. हात बाहेर नाही. दांड्यावरही नाही. डोळे मिटलेले. कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या, मी सांगितलं, तिनं पाहिलं नाही. अशानं ती अक्काकडे पोचेल, पण रस्त्यात भीतीनं अर्धी होऊन पोचेल. तिला मोकळं आभाळ दाखवायला होडी केली होती, ती अॅम्ब्युलन्स होऊन बसली.
चहा दिला. बशीत ओतून प्याली. तेवढ्यापुरते हात बाहेर आले, बोटं पांढरी पडली होती.
मनोहरचा फोन आलेला नाही. नाही आला तेच बरं. मीही लावत नाही.
इथून पुढं उतार. वळणावळणाचा, डाव्या हाताला दरी, कठडा कुठं आहे कुठं नाही. पट्ट्यांना डिझेल लावलं, पुसलं, खडू फासला. रेघ नाही. लोखंडाचं जे पाहायचं ते पाहून झालं. खांदा अजून बोलतोय, त्याला म्हटलं, खाली उतरल्यावर बोल. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. फिरकी आणखी अर्धा आटा.
कमल म्हणाली, "निघायचं का?"
डिकी उघडली. काल ठेवलेला फुल बाहीचा शर्ट काढला, उसवलेली शिवण रात्रीच घालून ठेवली होती. हाफ बाहीच्या वरूनच घातला. उजव्या हाताचं बटण लावलं. डाव्याचं मोकळं ठेवलं.
ऊन चांगलं वर आलंय. टपरीवाला बनियनवर आहे.
कमल पाहत होती.
"गरम नाही होत का?"
"उतारावर गार लागते," म्हटलं.
तिनं चहाची बशी टपरीवाल्याला दिली, पाय नीट केला. हात अजून मांडीवर आहेत. मांडीखाली नाहीत.
पेन ठेवतो. किक मारायची आहे.